सबॅस्टियनचा आवाज

दृष्टिहीनांच्या बोलक्या पुस्तकांसाठी वाचायला येणाऱ्याला सुरुवातीलाच बजावून सांगतात : तुम्ही नट नाही, वाचक आहात. छापलंय ते सगळं वाचायचं. छापलेलं नाही ते आवाजातून आत सारायचं नाही. आधी पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती, एकूण पानं. मग अर्पणपत्रिका, मग मजकूर. तळटीप आली की ‘तळटीप’ म्हणायचं, संपली की तसं सांगायचं. पान उलटलं की आकडा. बांगड्या, घड्याळ, मोबाइल दाराबाहेर. पंखा बंद. कडक खळ घातलेली सुती साडीसुद्धा नको, कारण हात हलला की ती कुरकुरते आणि माइक ते सोडत नाही.

पुण्यातल्या एका संस्थेच्या छोट्याशा ध्वनिमुद्रण कक्षात बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई हे काम करतात. अर्थशास्त्राची क्रमिक पुस्तकं, स्पर्धा परीक्षांचे ठोकळे, चरित्रं, दिवाळी अंकांतले निवडक लेख असं बरंच काही त्यांच्या आवाजात मुद्रित झालेलं आहे. कादंबऱ्या त्या मानाने कमी, कारण मागणी अभ्यासाच्या पुस्तकांचीच जास्त. त्यामुळे एम.ए.ला इंग्रजी घेतलेली एक दृष्टिहीन विद्यार्थिनी दोन कादंबऱ्या पिशवीत घालून आली, तेव्हा बाई खूश झाल्या.

एक होती एव्हलिन वॉ यांची ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’, १९४५ साली प्रसिद्ध झालेली. दुसरी सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’, मौज प्रकाशनाने २००६ साली काढलेली. मुलीच्या प्रबंधिकेचा विषय होता समलिंगी प्रेम आणि कुटुंब. एक इंग्लंडातलं उमराव घराणं, एक पुण्यातलं जोशी कुटुंब, आणि दोन्ही घरांत एक बाहेरचा माणूस येऊन राहतो. बाईंनी साहजिकच विचारलं की ‘ब्राइड्सहेड’ तर जेरेमी आयर्न्स या नामवंत नटाने वाचलेली आहे, १९८१ च्या गाजलेल्या टीव्ही मालिकेत मुख्य भूमिकाही त्यानेच केली होती, मग पुन्हा कशाला?

“ऐकलीये ना ताई, पाठ झालीये,” ती म्हणाली. “पण त्यात पान नंबर नाहीत. गाइड सर म्हणतात, प्रत्येक वाक्याला पान दे. कुठून देऊ?”

डोळस विद्यार्थी बोट ठेवून सांगतो ते पान दृष्टिहीन विद्यार्थ्याला कोणीतरी उच्चारून द्यावं लागतं. ‘डेझी’ नावाच्या पद्धतीत ध्वनिमुद्रण केलं की प्रकरणावर, पानावर थेट उडी मारता येते. मराठी पुस्तकाची अडचण आणखी वेगळी. इंग्रजी पान स्कॅन करून संगणकाकडून वाचून घेता येतं. मराठी पानात बरेचदा जोडाक्षरं फुटतात, रफार भलतीकडे जातो आणि यंत्र जे बोलतं त्याला मराठी म्हणवत नाही. कायद्याची आडकाठी मात्र नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंग वाचकांसाठी सुलभ प्रत तयार करायला वाट मोकळी झाली. पुढच्याच वर्षी माराकेशला याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये तो मान्य करणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला.

ध्वनिमुद्रणाआधी बाई पुस्तक मनातल्या मनात एकदा पुरं वाचतात. वहीत पात्रं लिहून काढतात, नावांचे उच्चार तपासतात. ‘ब्राइड्सहेड’मध्ये तर घराण्याचीच तीन नावं. आडनाव फ्लाइट, वडिलांचा किताब मार्चमेन, वाड्याचं आणि थोरल्या मुलाचं नाव ब्राइड्सहेड. ऐकणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून वाचणाऱ्याच्या डोक्यात आधी सगळं नातं बसलेलं असावं लागतं. लेखकाचं नाव एव्हलिन असलं तरी तो पुरुष, आणि गंमत म्हणजे त्याच्या पहिल्या बायकोचं नावही एव्हलिनच. वहीत त्याचीही नोंद झाली.

मुख्य गोष्ट सुरू होते ती १९२३ च्या ऑक्सफर्डमध्ये. चार्ल्स रायडर हा विक्षिप्त विधुर बापाचा एकुलता मुलगा. तळमजल्यावरच्या त्याच्या खोलीच्या खिडकीतून एका रात्री एक देखणा तरुण नशेत आत ओकतो. दुसऱ्या दिवशी चार्ल्सची खोली फुलांनी भरलेली असते आणि जेवणाचं आमंत्रण आलेलं असतं. हा सबॅस्टियन फ्लाइट, मार्चमेन घराण्याचा धाकटा मुलगा. बगलेत कायम अलॉयशस नावाचं टेडी बेअर. दोघांची गट्टी जमते, एक उन्हाळा ते त्या अवाढव्य वाड्यात एकत्र घालवतात, आणि चार्ल्स सबॅस्टियनच्या प्रेमात पडतो तसाच त्याच्या घराच्याही.

घर मात्र दुभंगलेलं. वडील लॉर्ड मार्चमेन बायकोला सोडून व्हेनिसमध्ये कारा नावाच्या बाईबरोबर राहतात. आई लेडी मार्चमेन कमालीची धर्मनिष्ठ, मृदुभाषी आणि मऊ आवाजातच सगळ्यांना मुठीत ठेवणारी. थोरला ब्राइडी, मधले सबॅस्टियन आणि जुलिया, शेंडेफळ कॉर्डेलिया. हे कॅथॉलिक घराणं. प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये हीच त्याची वेगळी ओळख. वॉ स्वतः १९३० साली कॅथॉलिक झाला होता, त्यामुळे पाप, पश्चात्ताप आणि कृपा या गोष्टी त्याच्या लेखी फार गंभीर.

या माणसांना आवाज देताना बाईंना पहिली जाणवलेली गोष्ट म्हणजे सबॅस्टियनविषयी घरात अखंड बोलणं चालू असतं आणि ते सगळं दारूविषयी असतं. किती प्यायला, कोणी दिली, पैसे कुठून आले, कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे. त्याच्यावर नजर ठेवायला आई एक प्राध्यापक नेमते. चार्ल्सने त्याला गुपचूप पैसे दिल्याचं कळल्यावर चार्ल्सचाही घरातून पत्ता कटतो. पण हा मुलगा आईपासून आणि घरापासून दूर का पळतो, हे एकदाही, कोणीही, थेट विचारत नाही. दारूवर बोलता येतं, म्हणून दारूवर बोलतात.

जे काही उघड बोलतात ते दोघं बाहेरचे. एक कारा. व्हेनिसच्या त्या प्रसंगात ती चार्ल्सला अगदी सहज सांगते की कोवळ्या वयात मुलांमुलांमधलं असं प्रेम तिला ठाऊक आहे आणि तिला त्यात वावगं वाटत नाही. सबॅस्टियनच्या पिण्याची काळजी वाटते ती वेगळी. लग्नाबाहेरचं नातं जगणारी ही बाई पुस्तकातली सर्वांत समंजस वाक्यं बोलते.

दुसरा अँथनी ब्लांश. तोतरा, नखरेल, जगभर फिरलेला, आपण कसे आहोत हे कोणापासूनही न लपवणारा. ऑक्सफर्डच्या गच्चीतून भोंग्यावर एलियटची ‘द वेस्ट लँड’ म्हणून दाखवणारा हाच. वॉने तो आपल्या दोन मित्रांवरून, हॅरल्ड ॲक्टन आणि ब्रायन हॉवर्ड यांच्यावरून बेतला असं मानतात. भोंग्याचा प्रताप ॲक्टनने खरोखर केला होता.

अँथनी वाचायचा कसा, हा कक्षातला खरा पेच होता. मराठी रंगभूमीवर, सिनेमात, टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत बायकी चालीचा, हात नाचवणारा पुरुष हे हशा वसूल करायचं हमखास पात्र. तो सूर आपल्या सगळ्यांच्या कानात बसलेला आहे. ‘अँथनी’ म्हटलं की जीभ आपोआप तिकडे वळते. ध्वनिमुद्रण सांभाळणारे काका साताऱ्याकडचे. त्यांनी चाचणीचा तुकडा ऐकायच्या आधीच विचारलं, “मॅडम, हे जरा लाडात घ्यायचं का?” विद्यार्थिनी बाहेर बसलेली होती, तिला आत बोलावलं.

“नाटकातल्यासारखा नको हं ताई,” ती म्हणाली. “तोतरेपणा छापलाय तेवढा घ्या. बाकी तो माझ्या आईबाबांपेक्षा जास्त खरं बोलतो.”

मग तसंच ठरलं. जिथे वॉने अक्षर दुभंगलंय तिथे ते दुभंगायचं, बाकी स्वर चार्ल्सइतकाच सरळ. आणि असा सरळ वाचल्यावर अँथनी एकदम वजनदार झाला. चार्ल्सला तो या घराण्याच्या मोहिनीविषयी सावध करतो, त्या मोहिनीने त्याची चित्रकला मारली जाईल असं बजावतो. पुढे चार्ल्स नावाजलेला चित्रकार झाल्यावर प्रदर्शनाच्या दिवशी येऊन तोंडावर सांगतो की तसंच झालंय. नखरा काढून टाकला तर पुस्तकातला एकमेव निर्भीड समीक्षक हाच. बाईंच्या मते नखरा वाचून दाखवला असता तर ऐकणाऱ्याचं लक्ष तिथेच अडकलं असतं आणि तो काय म्हणतोय ते निसटलं असतं.

ध्वनिमुद्रण निम्म्यावर आल्यानंतर काकांनी हेडफोन काढून विचारलं, “ते टेडी बेअरवालं पोरगं गेलं कुठं?” काकांचं इंग्रजी बेताचं, पण रोज कानावर पडून गोष्ट त्यांना बरीच उमगत होती. प्रश्न अगदी रास्त होता. बाईंनी वही उघडली. सबॅस्टियनसाठी त्यांनी एक हलका, किंचित हसरा सूर ठरवून ठेवला होता आणि तो आता वापरायलाच मिळत नव्हता.

कादंबरीचा मांडणीतला हा निर्णय गप्प वाचताना तितका जाणवत नाही. पहिल्या भागात पानोपानी बोलणारा सबॅस्टियन दुसऱ्या भागात आक्रसत जातो. १९२६ मध्ये आई मरणपंथाला लागते तेव्हा चार्ल्स त्याला शोधत मोरोक्कोतल्या फेज शहरात पोहोचतो. तिथे तो कुर्ट नावाच्या जर्मन माणसाबरोबर राहतोय. फॉरेन लीजनमधून सुटायला स्वतःच्याच पायात गोळी मारून घेतलेला हा कुर्ट सबॅस्टियनला अक्षरशः राबवून घेतो, आणि सबॅस्टियन त्यात सुखी आहे. जन्मभर सगळ्यांनी त्याची काळजी घेतली, आता त्याला काळजी घ्यायला कोणीतरी मिळालंय. आजारपणामुळे त्याला आईकडे जाता येत नाही. आई जाते. त्यानंतर सबॅस्टियन कादंबरीत स्वतः पुन्हा येत नाही. तिसरा सबंध भाग त्याच्यावाचून.

त्याचं पुढचं आयुष्य आपल्याला कळतं ते बहिणीच्या तोंडून. कॉर्डेलिया स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची शुश्रूषा करून परतते आणि चार्ल्सला सांगते : कुर्टला पकडून जर्मनीला नेलं, सबॅस्टियन त्याच्या मागे तिथवर गेला, कुर्टने छळछावणीत गळफास घेतला. सबॅस्टियन आता ट्युनिसजवळच्या एका मठात, अर्धा आत अर्धा बाहेर, पीत, पश्चात्ताप करत, तिथल्या साधूंच्या मायेत जगतो. कॉर्डेलिया हे सगळं शांतपणे, जवळजवळ समाधानाने सांगते. कादंबरीतली बहुधा सर्वांत मोठी प्रेमकथा, कुर्ट आणि सबॅस्टियनची, अशी संध्याकाळच्या गप्पांत दोन-चार पानांत उरकली जाते. बाईंना ती पानं वाचताना राग आला. आवाजात राग येऊ द्यायचा नाही हा नियम, म्हणून तो परिच्छेद त्यांनी पुन्हा घेतला.

चार्ल्सचं मात्र भरपूर ऐकू येतं. तो दुसरीकडे लग्न करतो, अटलांटिकमधल्या वादळात बोटीवर जुलियाला भेटतो, तिच्यावर प्रेम करू लागतो. भाऊ ही बहिणीपर्यंत पोहोचायची पायरी होती, असा काहीसा हिशेब तो स्वतःशी मांडतो. प्रबंधिकेचा एक अख्खा भाग या हिशेबावर होता. मुलीचं म्हणणं असं की चार्ल्सचं सबॅस्टियनवरचं प्रेम खरं होतं हे वॉला लिहायचं होतं, आणि ते संपवून टाकण्याचीही गरज होती. म्हणून भावाच्या जागी बहीण आली.

त्या काळात गरज का होती, याचं उत्तर पुस्तकाबाहेर आहे आणि ते पुस्तकाहून जास्त काळीज कापणारं आहे. ऑक्सफर्डमध्ये वॉची ओळख ह्यू लायगनशी झाली. देखणा, दारूत बुडालेला, वूस्टरशरमधल्या मॅड्रसफील्ड या वाड्यात राहणाऱ्या घराण्याचा दुसरा मुलगा. त्याचे वडील, सातवे अर्ल बीचम, मोठी असामी : तरुणपणी ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर, पुढे उमरावसभेतले लिबरल पक्षाचे नेते, सात मुलांचे वडील. त्यांचे पुरुषांशी संबंध होते. १९३१ साली त्यांच्याच मेव्हण्याने, वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकने, हे राजापर्यंत नेलं. अटक टाळायची तर देश सोडा, असं अर्लना सांगण्यात आलं. ते गेले. बायको माहेरच्या बाजूची झाली. बहुतेक मुलं बापाच्या बाजूने उभी राहिली. वॉ त्या घरी जाऊ लागला तो नेमका याच वर्षाच्या अखेरीला, घराचा मालक परागंदा असताना. तिथल्या मुलींशी त्याची जन्मभराची मैत्री झाली. अर्लच्या पत्नीने पतीला लग्नाची भेट म्हणून सजवून दिलेलं तिथलं प्रार्थनामंदिर कादंबरीत जवळजवळ जसंच्या तसं आलं.

ह्यू १९३६ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत मोटारीने फिरत असताना पडला आणि डोक्याला मार लागून गेला, वय एकतीस. वडिलांना मुलाच्या अंत्यविधीपुरतं देशात येऊ देण्यात आलं. दोन वर्षांनी तेही न्यूयॉर्कमध्ये वारले.

१९४३ च्या डिसेंबरमध्ये पॅराशूटच्या सरावात जायबंदी झालेल्या वॉला लष्कराने रजा दिली आणि पुढच्या सहा महिन्यांत त्याने ही कादंबरी लिहिली. वडिलांचा वनवास त्याने ठेवला, कारण बदललं. कादंबरीतले लॉर्ड मार्चमेन बाईपायी घर सोडतात. पुरुषावरचं प्रेम बापाकडून मुलाकडे गेलं, आणि तिथेही दारूच्या आडोशाला. बाईंनी हे वाचलं ते कॉर्डेलियाच्या पानांनंतर, आणि वॉवरचा त्यांचा राग थोडा निवळला. लायगन भावंडं हयात होती. त्यांच्या वडिलांची गोष्ट छापून काढणं म्हणजे मित्रांच्या घराला चूड लावणं झालं असतं.

आणि कायदा होताच. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले संबंध गुन्हा ठरवणारा १८८५ चा कायदा १९६७ पर्यंत माणसांना तुरुंगात पाठवत राहिला. ऑस्कर वाइल्डला १८९५ मध्ये त्याखालीच सक्तमजुरी झाली. ई. एम. फॉर्स्टरने १९१३-१४ मध्ये लिहिलेली ‘मॉरिस’ ही कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर १९७१ साली बाहेर आली. ‘मॉरिस’मध्ये दोघं पुरुष शेवटी एकत्र राहतात, शेवट सुखाचाच हवा असा फॉर्स्टरचा हट्ट होता. सबॅस्टियनसारखी माणसं पश्चात्तापाने किंवा मरणाने संपली की पुस्तक बाजारात जाऊ शकत होतं. सुखी झाली की कपाटात. शोकांतिकेच्या बाजूने कायदा उभा होता असं मुलीने प्रबंधिकेत लिहिलं, आणि ते खोडून काढणं अवघड आहे.

त्याच साम्राज्याचा दुसरा कायदा, भारतीय दंड संहितेचं ३७७ कलम, आपल्याकडे पार एकविसाव्या शतकापर्यंत टिकला. ‘कोबाल्ट ब्लू’ आली तेव्हा तो लागू होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ ला प्रौढांमधले खाजगी, संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. २०१३ मध्ये जेरी पिंटो यांनी केलेला कादंबरीचा इंग्रजी अनुवाद आला आणि त्याच वर्षी ११ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ ला ते संबंध अखेर गुन्हा राहिले नाहीत. विद्यार्थिनी दोन्ही कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवते ती यामुळे. कायदा ज्या भाषेत लिहिला गेला, ती भाषा दोन्ही घरांवर राज्य करत होती.

‘कोबाल्ट ब्लू’ माइकसमोर उघडली आणि बाईंना हायसं वाटलं. आपल्या गल्ल्या, आपली स्वयंपाकघरं, वरच्या खोलीत पेइंग गेस्ट ठेवायचा निर्णय, त्यावरची आईवडिलांची चर्चा. त्या खोलीत एक तरुण चित्रकार येतो. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो. मुलगी अनुजा त्याच्याबरोबर पळून जाते. मग तो तिलाही सोडून निघून जातो. पहिला अर्धा भाग तनयचा, निघून गेलेल्या त्या माणसाला ‘तू’ म्हणत सांगितलेला. दुसरा अर्धा अनुजाच्या रोजनिशीचा. एकच काळ, एकच घर, दोन भावंडं, आणि सुरुवातीला एकाला दुसऱ्याचं ठाऊक नाही.

इथे आवाजांची वाटणी ‘ब्राइड्सहेड’च्या बरोबर उलटी आहे. वॉच्या पुस्तकात बाहेरून आलेला माणूस भावावर आणि मग बहिणीवर प्रेम करतो आणि गोष्ट तोच सांगतो. घरातल्यांच्या वाट्याला संवाद तेवढे. कुंडलकरांच्या पुस्तकात भाऊ आणि बहीण दोघं बोलतात आणि बाहेरून आलेल्या माणसाला नावसुद्धा नाही. विशीत लिहिलेल्या या कादंबरीने सबॅस्टियनच्या हाती लेखणी दिली, असं बाईंना वाचताना सारखं वाटत राहिलं.

तनय वाचायचा कोणी, यावर काकांनी आपलं मत दिलं होतं : मुलाचा भाग एखाद्या तरुण मुलाने वाचावा. एका पुस्तकाला एक वाचक हा कक्षाचा रिवाज, त्यामुळे बाईंनीच दोन्ही वाचले. साठी उलटलेल्या बाईच्या आवाजात ‘मी गेलो’, ‘मी थांबलो’, ‘मी तुझी वाट पाहत बसलो’ असं येऊ लागल्यावर पहिली काही पानं काका काचेपलीकडून चमकून बघत. नंतर सवय झाली. तनय बोलू लागला की त्याच्या आवाजाचं वय, लिंग बाजूला पडतं, कारण त्याचं दुःख फार ओळखीचं आहे.

आणि ते घरात कोणाला दिसत नाही. अनुजा गेल्यावर घर हादरतं. शोधाशोध, लाज, धाकदपटशा, डॉक्टर, नातेवाइकांची कुजबुज. तिच्यावर अन्यायही होतो. पण तिचं काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांना मान्य आहे. त्याच घरात, त्याच माणसापायी, त्याच दिवशी मोडून पडलेल्या तनयला कोणी पाण्याचा पेलाही पुढे करत नाही, कारण त्याचं काही गेलंय हेच कोणाला माहीत नाही. तो बहिणीच्या संकटात घराला मदत करणारा मुलगा म्हणून वावरतो. मार्चमेनांच्या घरी दारू होती. जोश्यांच्या घरी पळून गेलेली मुलगी आहे. बोलायला सोयीचा विषय दोन्हीकडे सापडतो.

फरक शेवटात आहे. ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये कोणी गळफास घेत नाही, कोणी मठात जात नाही. तनय मुंबईची वाट धरतो, अनुजा आपल्या पायांवर उभी राहते. दोघंही घर सोडतात आणि जगतात. मराठीत ही साधी गोष्ट नव्हती. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडी यांनी त्यातली सुमित्रा उभी केली. स्त्रीवर प्रेम करणारी नायिका मराठी रंगभूमीवर आणणं हे तेंडुलकरांचं धाडस होतंच. पण तिची गोष्टही सांगतो तिचा मित्र बापू, आणि सुमित्रा अखेर आत्महत्या करते. १९४५, १९८१, २००६. बाईंनी वहीच्या मागच्या पानावर ही तीन वर्षं एकाखाली एक लिहून ठेवली आहेत, पुढे कोण गोष्ट सांगतं आणि कोण मरतं ते.

दोन्ही ध्वनिमुद्रणं मुलीकडे गेल्यावर तिचा फोन आला. पानांचे आकडे नीट आहेत, फेजच्या प्रकरणात एका ठिकाणी पाठीमागे रिक्षाचा हॉर्न आहे, बाकी उत्तम. बाईंनी भीत भीत विचारलं की वाचन कसं वाटलं, विराम जास्त झाले का.

“विराम कसले ताई, मी पावणेदोनच्या स्पीडने ऐकते!”

दृष्टिहीन विद्यार्थी असंच ऐकतात. डोळस माणूस भराभर नजर फिरवतो तसे ते भराभर कान फिरवतात. अभ्यासाचा ढीग उपसायचा तर दुसरा इलाज नाही. बाईंनी जपून तोललेले सुस्कारे, आवंढे सगळे त्या वेगात चेपून गेले होते. बाई खूप हसल्या. मग मुलगी म्हणाली की तनयचा भाग मात्र तिने वेग कमी करून ऐकला, आणि घरी स्पीकर लावून. आई शेजारच्या खोलीत भाजी निवडत होती. आईने काही विचारलं नाही, पण दार लावूनही घेतलं नाही.

शेवटचं काम नोंदणीचं असतं. प्रत्येक बोलक्या पुस्तकाला एक पत्रक जोडतात : नाव, लेखक, वाचक, कालावधी, विषय. ‘कोबाल्ट ब्लू’च्या पत्रकावर ‘विषय’ या रकान्यात कार्यालयातल्या कोणीतरी पेन्सिलने ‘सामाजिक समस्या’ लिहिलं होतं. हेतू वाईट नव्हता. असं काही असलं की तिथे टाकायची पद्धत. बाईंनी ते खोडलं आणि ‘कौटुंबिक कादंबरी’ लिहिलं. ‘ब्राइड्सहेड’ला आधीच तसं लिहिलेलं होतं. यादी कानाने चाळणारा एखादा मुलगा किंवा मुलगी, घर-नातीगोती असलेली कादंबरी हवी म्हणून त्या रकान्यात शिरली, तर तनयही तिथेच भेटेल.

मराठीतली अशी पुस्तकं थोडी आहेत आणि दृष्टिहीन वाचकांपर्यंत पोहोचलेली त्याहून थोडी. बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ आहे, तेंडुलकरांचं नाटक आहे, राजन गवस यांची जोगत्यांच्या जगण्यावरची ‘भंडारभोग’ आहे. या प्रत्येक पुस्तकाला कोणाचा तरी स्पष्ट उच्चार, थोडा वेळ आणि बंद पंख्याखाली घाम गाळायची तयारी हवी आहे. आपल्या गावातल्या अंधशाळेत किंवा ग्रंथालयात चौकशी करा. वाचून दाखवणाऱ्यांची वाण सगळीकडेच आहे. आणि बसलात की आधी पान क्रमांक स्पष्ट म्हणा.